इंट्रोच्या रात्री काय करायचं: बेळगावात नव्यानं शिकायला येणाऱ्यांसाठी

बऱ्याच वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या एका मुलानं माझ्या टेबलावर दोनशे पानी वही आणून ठेवली आणि काही न बोलता उभा राहिला. पुढून भौतिकशास्त्राच्या नोट्स होत्या. मागचं पान उलटलं तर तिथून दुसरीच वही सुरू होत होती. निळ्या पेनानं, बारीक अक्षरात: "मंगळवार. रात्री ११.४० ते १.१५. पाच जण. कन्नडमधून शंभरपर्यंत आकडे म्हणायला लावले. चुकलं की परत ओंदुपासून (एकपासून). चाळीसच्या पुढं गेलो नाही. पालथ्या बादलीवर उभं केलं." खाली पाच नावं. अशा चार रात्रींच्या चार नोंदी होत्या. चौथीत अक्षर वाकडं झालं होतं आणि शेवटची ओळ अर्धवट सोडलेली होती.

नावं वाचताना मी थांबलो. पाचांतले दोघं त्याच्यासारखेच मराठी होते. एक तर त्याच्याच तालुक्यातला, एकाच बसनं ये-जा करणारा.

मी तेव्हा कॉलेजच्या रॅगिंगविरोधी पथकात होतो. त्यानंतरही बरीच वर्षं राहिलो. खानापूर, चंदगड, निपाणी, गडहिंग्लज, हुक्केरी अशा भागांतून बेळगावात येणाऱ्या मुलामुलींना मी तोंडानं जे सांगत आलो, ते इथं क्रमानं लिहितो आहे. इंट्रो म्हणजे ओळख करून घ्यायच्या नावाखाली सीनियर नव्या मुलांना रात्री खोलीत बोलावतात ते. घर सोडण्याआधीचा भाग आज वाचा. बाकीचा जपून ठेवा आणि खोलीत सामान लावून झालं की परत काढा.

आधी हे पक्कं करा: रॅगिंग कशाला म्हणायचं

"सर, हे रॅगिंगमध्ये बसतं का?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर आतून माहीत असतं, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं असतं.

कर्नाटक शिक्षण कायदा, १९८३ यात रॅगिंगची व्याख्या आहे. थट्टेच्या नावाखाली का होईना, पण धाक दाखवून, अडवून, कोंडून किंवा इजा करून एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्या माणूसपणाला कमीपणा आणणारं किंवा त्याचं हसं होईल असं काही करायला लावणं, म्हणजे रॅगिंग. तेव्हा "आम्ही मजा करत होतो" हा बचाव त्या व्याख्येनंच काढून घेतलेला आहे. त्याच कायद्याच्या कलम ११६ खाली १ वर्षापर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

याच्यावर देशभराला लागू असलेले विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम आहेत. त्या वर्षी मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा मुलगा सीनियर्सच्या मारहाणीनंतर गेला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं कडक आदेश दिले आणि जूनमध्ये हे नियम आले. पदवीचं आणि त्यापुढचं कुठलंही कॉलेज यातून सुटत नाही, मग ते मच्छेच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाला जोडलेलं असो की भुतरामहट्टीच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाला. नियम कॉलेजच्या फाटकापाशी थांबतही नाहीत. हॉस्टेल, मेस, कँटीन, मैदान आणि विद्यार्थी ज्यानं प्रवास करतात ती वाहनंसुद्धा त्यात येतात. खानापूरहून सकाळी येणाऱ्या बसच्या मागच्या बाकावर रोज जे चालतं, तेही त्यात आलं.

सीमाभागातल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्यानं पाठ करावी अशी एक गोष्ट २०१६ मध्ये या नियमांत घातली गेली. धर्म, जात, लिंग, रंगरूप, आर्थिक परिस्थिती यांच्याबरोबरच भाषा, प्रदेश, जन्मस्थान आणि राहण्याचं ठिकाण यांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ, हिणवणं आणि वाळीत टाकणं हेही रॅगिंगच आहे. मराठी बोलतो म्हणून रात्री उठवणं यात बसतं. कन्नड माध्यमातून आला म्हणून मराठी मुलांनी त्याला टोळक्यातून बाहेर ठेवणं यात बसतं. पुण्या-कोल्हापूरकडच्या मुलांनी आपल्या "येऊलोय, जाऊलोय"ची रोज नक्कल करून एखाद्या मुलीला वर्गात तोंड उघडू न देणं, तेही यात बसतं.

घर सोडण्याआधी

प्रवेशाच्या वेळी तुमच्याकडून आणि आईवडिलांकडून रॅगिंगविरोधी हमीपत्र घेतात. ते अँटीरॅगिंग डॉट इन या संकेतस्थळावर भरायचं असतं आणि दरवर्षी नव्यानं भरायचं असतं. बरेच जण सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेतात आणि विसरून जातात. तसं करू नका. भरल्यावर जो नोंदणी क्रमांक ईमेलवर येतो तो जपा, आणि हमीपत्रात काय लिहिलंय ते एकदा घरात मोठ्यानं वाचा. ज्या सीनियरची तुम्हाला भीती वाटते, त्यानंही नेमकं हेच लिहून दिलेलं असतं.

मग एक साधा कागद घ्या आणि हे नंबर हातानं लिहा. प्राचार्य, वॉर्डन, कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीतला एखादा प्राध्यापक, घरचे दोन नंबर. राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, जी चोवीस तास चालू असते आणि फुकट आहे. पोलिसांसाठी ११२. कागद पाकिटात नाही, तर उशीच्या अभ्र्यात किंवा पुस्तकाच्या कव्हरच्या आत ठेवा. इंट्रोच्या रात्री पहिल्यांदा फोन काढून घेतात, आणि हल्ली आपल्याला आईचासुद्धा नंबर तोंडपाठ नसतो.

वॉर्डनचा नंबर सगळ्यांना माहीत असणं आणि त्यांच्याशी कुठल्याही वेळी बोलता येणं, हे नियमात लिहिलेलं आहे. तेव्हा प्रवेश घेतानाच विचारा: पहिल्या वर्षाच्या मुलांचं राहणं वेगळं आहे का? रात्री इमारतीत मोठं माणूस कोण असतं? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. या प्रश्नाचं नीट उत्तर देता येत नसेल, तर ते कॉलेजबद्दल बरंच काही सांगून जातं.

टिळकवाडी, अनगोळ, वडगाव, नेहरूनगर इथं खासगी खोली किंवा पीजी घेणाऱ्यांनी मालकालाच विचारावं की वर कोण मुलं राहतात, किती वर्षांपासून राहतात. खासगी हॉस्टेलची पोलिसांकडे नोंद असावी, असंही हे नियम सांगतात. भाडं ५०० रुपयांनी कमी आहे म्हणून सीनियर्सनी भरलेल्या मजल्यावर एकट्यानं राहायला जाऊ नका. शक्यतो वर्गातल्या दुसऱ्या एका नव्या मुलाबरोबर खोली घ्या.

पहिला आठवडा: ओळख कुठं संपते

सीनियरशी बोलायला घाबरू नका. तुम्हाला नोट्स, जुनी पुस्तकं, कुठल्या मेसमध्ये भाकरी चांगली मिळते याची माहिती, प्रॅक्टिकलच्या जर्नलची रीत हे सगळं तेच सांगणार आहेत. माझ्या पाहण्यात बहुतेक सीनियर सरळ होते. नाव विचारलं, गाव विचारलं, एखादं गाणं म्हण म्हणाले, हसले, चहा पाजला, ही झाली ओळख.

फरक कुठं पडतो हे ओळखायची माझी एक खूण आहे. नाही म्हटल्यावर काय होतं ते बघा. "मला गाणं येत नाही" म्हटल्यावर "बरं, राहू दे" असं आलं तर ठीक. "येत नाही म्हणजे? म्हणायचंच" असं आलं, दाराला कडी लागली, आवाज बदलला, बाकीचे उठून दाराशी उभे राहिले, की ओळख तिथं संपली. दुसरी खूण वेळेची. ओळख दिवसा, कट्ट्यावर, चार लोकांत होते. रात्री साडेअकराला वरच्या मजल्यावरच्या खोलीत ओळख करून घ्यायचं काही कारण नसतं.

काही गोष्टींत तर विचार करायची गरजच नाही. कपडे काढायला सांगणं, दारू किंवा सिगारेट प्यायला लावणं, पैसे किंवा रिचार्ज मागणं, असाइनमेंट लिहून घेणं, केस-मिशी कापायला लावणं, झोपू न देणं, मुलींबद्दल घाण बोलायला लावणं, उठाबशा काढायला लावणं. यातलं एकही मस्करीत मोजू नका.

फोनवरही हेच चालतं. सीनियर एखादा व्हॉट्सअॅप ग्रुप काढतात, त्यात सगळ्या नव्यांना घालतात, आणि तिथून हुकूम सुटतात: उद्या सगळ्यांनी पांढरा शर्ट, मान खाली, "सर" म्हणायचं. अशा ग्रुपमधून होणारा छळ रॅगिंगच समजला जाईल, असं आयोगानं २०२५ मध्ये कळवलं आहे. ग्रुप सोडण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. अॅडमिनचं नाव आणि नंबर दिसेल असे घ्या.

"आपला गाववाला" हा शब्द

नव्या मुलाला सगळ्यात जास्त फसवतो तो हा शब्द, म्हणून इथं थोडं थांबतो.

बेळगावात आलेलं मराठी पोर पहिल्या दिवशी कान टवकारून मराठी शोधत असतं. बसची पाटी कन्नडमध्ये, ऑफिसातला क्लार्क कन्नडमध्ये, सूचनाफलक कन्नड-इंग्रजीत. अशात कॅरिडॉरमधून कुणीतरी विचारतं, "कुठला रे तू? खानापूरचा? अरे मग आपलाच की!" त्या एका वाक्यानं त्याचा जीव भांड्यात पडतो. आणि मग तोच "आपला" दादा रात्री बोलावतो, तेव्हा नाही म्हणता येत नाही. "आपल्यात एवढं चालतं, बाहेर बोलायचं नाही. त्या लोकांसमोर आपली इज्जत जाईल."

वहीवाल्या मुलानं चार रात्री गप्प राहण्याचं कारण हेच होतं. मारणाऱ्यांची भीती त्याला होतीच, पण त्याहून जास्त भीती तालुक्यात नाव जाईल याची होती. "त्याच्या घरच्यांना आमच्या घरचे ओळखतात, सर," असं तो मला दोनदा म्हणाला.

नव्या मुलांनो, तुम्हाला त्रास देणारा तुमच्या भाषेत बोलतो म्हणून त्रास कमी होत नाही. आणि मदत करणाऱ्याची भाषा आधी तपासू नका. त्या मुलाला माझ्यापर्यंत घेऊन आला तो हुबळीकडचा, घरी कन्नड बोलणारा त्याचा रूममेट. त्यालाच रोज रात्री दीड वाजता खोलीत परत येणारं पोर दिसत होतं. त्यानं फक्त एवढंच केलं: वहीत लिहायला सांगितलं आणि पाचव्या दिवशी सकाळी हाताला धरून स्टाफरूमपर्यंत आणलं.

थोडं कन्नड शिका, हेही मी मनापासून सांगतो. कुणी जबरदस्ती करतंय म्हणून नव्हे. अडचणीत वॉचमनशी, मेसच्या मावशींशी, शेजारच्या खोलीशी बोलता आलं पाहिजे म्हणून. "ननगे सहाय बेकु" म्हणजे मला मदत हवी आहे. "ननगे कन्नड सरियागी बरल्ल, निधान हेळ्री" म्हणजे मला कन्नड नीट येत नाही, सावकाश सांगा. एवढं पहिल्या आठवड्यात पाठ करा. सहा महिन्यांत बाकीचं आपोआप येतं.

दार वाजलं तर

एकट्यानं जाऊ नका. "आम्ही दोघं येतो" म्हणा, किंवा "उद्या सकाळी कँटीनला भेटतो" म्हणा. रूममेटला मोठ्यानं सांगून निघा: कुठल्या खोलीत जातोय, कुणी बोलावलंय, आणि अर्ध्या तासात आलो नाही तर वॉर्डनना फोन कर. बोलावणाऱ्याच्या समोरच सांगा. तुम्ही कुठं आहात हे तिसऱ्याला माहीत आहे, हे कळलं की पुष्कळांचा जोर तिथंच ओसरतो.

खोलीत अडकलात तर आवाज खाली ठेवा. शिवी देऊ नका, हात उचलू नका. "मी हे करणार नाही" एवढंच, सरळ आणि पुन्हा पुन्हा. मनाविरुद्ध कुणी काही करायला सांगितलं तरी करायचं नाही, सीनियर असला तरी, हे नव्या मुलांना सांगणं कॉलेजचं काम आहे असं नियमच म्हणतात. तेव्हा तुमच्या नकाराला कॉलेजचा पाठिंबा असायलाच हवा. पण पाच जणांच्या मध्ये एकट्यानं हट्टाला पेटून मार खाणं हेही मी सांगणार नाही. जीवाला धोका वाटला तर वेळ काढा, जे सांगतील त्याला हो म्हणून बाहेर या आणि बाहेर आल्याबरोबर फोन करा. त्या वेळी हो म्हटलं म्हणून तुमचा दोष होत नाही. तक्रारही कमी होत नाही.

लपून रेकॉर्डिंग करायच्या फंदात पडू नका. फोन सापडला तर मार वाढतो. पुरावा नंतर गोळा करता येतो.

त्याच रात्री लिहा

परत आलात की झोपण्याआधी लिहा. कितीही थकलात तरी. सकाळी मन स्वतःलाच समजावू लागतं: जाऊ दे, फार काही नव्हतं. त्याआधी लिहा.

तारीख, वार, वेळ कुठून कुठपर्यंत. जागा. कोण कोण होतं. नाव माहीत नसेल तर कुठल्या शाखेचा, कसा दिसतो, बाकीचे त्याला काय नावानं हाक मारत होते. काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत, कन्नड असेल तर कन्नड जसं ऐकू आलं तसं देवनागरीत. बाहेर कॅरिडॉरमध्ये कुणी पाहिलं का. जखम असेल तर उजेडात फोटो काढा, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवून. फाटलेला शर्ट धुऊ नका. मग लिहिलेल्या पानाचा फोटो काढून घरच्या माणसाला पाठवा, म्हणजे लिहिल्याची वेळही नोंदली जाते.

त्या वहीचा उपयोग कसा झाला ते सांगतो. चौकशीत पाचही जण म्हणाले, आम्ही खोलीत नव्हतोच. तेव्हा वहीत लिहिलेल्या चार तारखांपैकी एका रात्री वीज गेल्याची नोंद होती: "१२.१० ला लाइट गेली, मोबाइलची बॅटरी तोंडावर मारली." वॉचमनच्या रजिस्टरमध्ये जनरेटर सुरू केल्याची वेळ लिहिलेली होती. दोन्ही वेळा जुळल्या. त्यानंतर पाचांतला एक रडायला लागला आणि सगळं बोलला. तुमच्याही वहीत अशा साध्या गोष्टी असू द्या: लाइट गेली, पाऊस होता, खालून मेसचा कुकर वाजला.

तक्रार कुणाकडे, कुठल्या भाषेत

शरीराला इजा, लैंगिक प्रकार किंवा कोंडून ठेवणं असेल तर थेट ११२, मग सरकारी दवाखाना, मग बाकीचं. डॉक्टरांना खरं कारण सांगा. "जिन्यावरून पडलो" असं एकदा कागदावर आलं की ते खोडून काढायला फार कष्ट पडतात.

बाकी प्रसंगी सकाळ होताच पथकातल्या प्राध्यापकाकडे, वॉर्डनकडे किंवा प्राचार्यांकडे लेखी द्या. स्वतः विद्यार्थी, त्याचे पालक किंवा पाहणारा मित्र, कुणीही तक्रार करू शकतं. कळवणाऱ्याचं नाव उघड होऊ नये आणि कळवलं म्हणून त्याचं नुकसान होऊ नये, ही जबाबदारी कॉलेजची आहे. दोन प्रती करा, एकीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच मजकूर कॉलेजच्या ईमेलवर पाठवा.

भाषेची काळजी करू नका. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, तिथं वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. मराठी बेळगावात वापरात आहे, हे कुणाला पटवून द्यायची गरज नाही. ज्या भाषेत तुम्हाला दुखलंय त्या भाषेत लिहा, म्हणजे काही सुटत नाही. काम लवकर व्हावं म्हणून सोबत कुणाकडून तरी कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर करून जोडा, पण मूळ मराठी कागद मागे घेऊ नका.

कॉलेज चालढकल करतंय असं वाटलं, किंवा ज्याच्याकडे जायचं तोच माणूस विश्वासाचा वाटला नाही, तर हेल्पलाइनला फोन करा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. त्या क्रमांकामुळे पाठपुरावा करता येतो आणि कॉलेजलाही उत्तर द्यावं लागतं.

तक्रारीनंतर काय व्हायला हवं? प्रकरण फौजदारी ठरत असेल तर माहिती मिळाल्यापासून २४ तासांत प्राचार्यांनी एफआयआर दाखल करायचा असतो. ते "घरातलं प्रकरण घरात मिटवू" म्हणाले तर हा नियम नम्रपणे दाखवा. कॉलेजच्या पातळीवर वर्गातून निलंबन, शिष्यवृत्ती थांबवणं, परीक्षेला बसू न देणं, हॉस्टेलमधून काढणं, एक ते चार सत्रांसाठी बाहेर काढणं, प्रवेश रद्द करणं इथपर्यंत शिक्षा आहेत. करणारे कोण हे सापडलंच नाही तर सगळ्या गटाला मिळून शिक्षा देता येते.

पोलीस ठाणं आणि राज्याची हद्द

आपल्या भागातला हा खास घोळ आहे. निपाणीचं पोर घराजवळच्या अर्जुननगरला देवचंद कॉलेजात जातं, ते कॉलेज कागल तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात. चंदगडचं पोर उलट बेळगावात येतं. कुठला कायदा लागणार हे तुमच्या गावावरून ठरत नाही, गुन्हा जिथं घडला त्यावरून ठरतं. महाराष्ट्रात घडला तर १९९९ चा महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा लागतो: २ वर्षांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, दोषी ठरलेल्याला ५ वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही, आणि तक्रार आल्यापासून ७ दिवसांत संस्थाप्रमुखानं चौकशी केलीच पाहिजे. आयोगाचे नियम मात्र दोन्हीकडे सारखेच.

समजा मुलगा घाबरून रातोरात चंदगडला घरी पळून आला. आता तक्रारीसाठी परत बेळगावला जायचं का? गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, जवळच्या ठाण्यात तक्रार देता येते. तिला झिरो एफआयआर म्हणतात, आणि ती पुढं योग्य ठाण्याकडे जाते. "हे कर्नाटकातलं आहे, तिकडं जा" असं सांगून परत पाठवलं तर कलमाचा आकडा सांगा.

बेळगावच्या ठाण्यात तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाते. लिहून झाल्यावर ती तुम्हाला वाचून दाखवणं त्याच कलमात आहे. समजेल अशा भाषेत अर्थ सांगायला लावा, कन्नड नीट येणारं विश्वासाचं माणूस शेजारी बसवा, आणि समजल्याशिवाय सही करू नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेऊनच बाहेर पडा.

पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, अठरा पूर्ण न झालेल्या मुलामुलींसाठी चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबरही आहे.

भाषेचा वाद होऊ देऊ नका

हा सल्ला काहींना आवडणार नाही, तरी देतो. तक्रार केल्याच्या दुसऱ्या दिवशी गावातला कुणीतरी म्हणतो, "आपली पन्नास पोरं घेऊन जाऊ, बघू कोण हात लावतो." विशेषतः १ नोव्हेंबरच्या आसपास, जेव्हा एका बाजूला राज्योत्सवाच्या मिरवणुका आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषिकांचा काळा दिवस असतो, तेव्हा एका ठिणगीची वाट बघणारे दोन्हीकडे असतात.

अशा वेळी तुमच्या मुलाचं प्रकरण हातातून जातं. काल ते पाच जणांनी एका मुलाला दिलेल्या त्रासाचं होतं, आज ते दोन भाषांचं झालं. कॉलेज बंद, चौकशी बाजूला, आणि ज्यानं बादलीवर उभं केलं तो एकदम कुणाचा तरी वीर ठरतो. सीमाप्रश्नावर ज्याचं त्याचं मत असो, माझंही आहे. पण अठरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर तो लढायचा नाही. तक्रारीत छळ भाषेवरून झाला हे स्पष्ट लिहा, २०१६ ची दुरुस्ती लिहा, नावं लिहा. फेसबुकवर मुलाचा फोटो टाकू नका.

घरच्यांसाठी

"सगळं ठीक ना?" असं विचारलं की "हो" येतं. त्यापेक्षा विचारा: काल किती वाजता झोपलास? जेवायला कुणाबरोबर बसलास? वरच्या मजल्यावर कोण राहतं? उत्तरं तुटक यायला लागली, शनिवारी न सांगता घरी यायला लागला, पैसे जास्त लागायला लागले, अचानक केस कापून आला, तर पुढची बस पकडून जाऊन या. जाताना डब्यात काहीतरी न्या आणि त्याच्या खोलीत थोडा वेळ नुसते बसा. "आमच्या वेळी पण व्हायचं, त्यानं माणूस घडतो" हे वाक्य मात्र बोलू नका. ते ऐकल्यावर पोर पुढचं काही सांगत नाही.

मुलगा "जगावंसं वाटत नाही" अशा अर्थाचं काही बोलला तर त्याला क्षणभर एकटं सोडू नका. टेली मानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. तक्रार, कागद, कॉलेज सगळं नंतर.

पाहणाऱ्यांनी, आणि पुढच्या वर्षी

शेजारच्या खोलीतून आवाज येत असेल तर आत घुसू नका, पण दार वाजवा. "पाण्याची मोटर कुणी लावली?" असं काहीही विचारा. बाहेरचं माणूस आलं की खोलीतलं वातावरण मोडतं. मग वॉर्डनना फोन करा. रॅगिंगला साथ देणं हाही नियमांत गुन्हाच आहे, आणि दाराशी पहारा देणारा "मी काही केलं नाही" म्हणून सुटत नाही.

वहीवाला मुलगा हॉस्टेल सोडून गेला नाही. तिसऱ्या वर्षी तो माझ्याकडे पथकात विद्यार्थी-मदतनीस म्हणून आला. नव्या मुलांच्या सहा-सहाच्या गटाला एक सीनियर सोबती द्यावा, अशी सोय नियमांत आहेच. त्यानं स्वतः सहा जण मागून घेतले, तीन मराठी, तीन कन्नड. पहिल्या संध्याकाळी तो त्यांना खाली टाकीजवळ घेऊन गेला. पाणी किती वाजता येतं, मेसला रविवारी रात्री जेवण नसतं, कुठल्या सरांचं जर्नल आधी पूर्ण करायचं, हे सांगितलं. मग प्रत्येकाचा फोन हातात घेऊन वॉर्डनांचा आणि स्वतःचा नंबर त्यात घातला, आणि तिथल्या तिथं एकेकाला रिंग द्यायला लावून नंबर बरोबर पडलाय का ते बघितलं.